आधी बोटं बघा: जॅझ मुखपृष्ठांची जुनी पेपरबॅक पुस्तकं कशी निवडावीत, तपासावीत आणि जपावीत

1939 साली पॉकेट बुक्सनं न्यू यॉर्कमध्ये 25 सेंटांची, खिशात मावणारी पुस्तकं काढली आणि अमेरिकेत कादंबरी पुस्तकांच्या दुकानातून बाहेर पडली. औषधांची दुकानं, बस आणि रेल्वे स्थानकं, सिगारेट-वर्तमानपत्रांचे गाळे. तारेची मांडणी जिथे उभी राहील तिथे ती विकली जाऊ लागली. त्या मांडणीसमोरून जाणारा माणूस दोन क्षण रेंगाळला तर रेंगाळला. तेवढ्यात चित्रानं त्याला धरायचं. जॅझ या कामाला फार सोयीचं होतं. एक ट्रम्पेट, पिवळा दिवा, थोडा धूर आणि खांद्यावरून मागे बघणारी बाई एवढं रंगवलं की रात्र, शहर, व्यसन, प्रेम सगळं सांगून झालं.

म्हणून 1940च्या दशकापासून साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या अमेरिकी पेपरबॅकवर ट्रम्पेट-सॅक्सोफोन वारंवार दिसतात, आत जॅझ नावापुरतंच असलं तरी. ही पुस्तकं जमवायला निघालेल्याची अडचण इथूनच सुरू होते. काही चित्रकारांनी वादक नीट पाहिलेला होता. काहींनी नुसतं वाद्य भाड्यानं आणून कोपऱ्यात ठेवलं होतं. हा फरक ओळखायला शिकलात की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे छपाईचा काळ, प्रतीची अवस्था आणि आपल्या हवेतली बुरशी.

पहिली पायरी: एक धागा धरा

"जॅझची मुखपृष्ठं" हा विषय फार मोठा आहे. दिसेल ते घेत गेलात तर वर्षभरात कपाट भरेल आणि त्यातून काहीच कळणार नाही. एखादा चित्रकार धरा, एखादा प्रकाशक धरा, एखादं वाद्य धरा. नुसत्या बेस वाजवणाऱ्यांची मुखपृष्ठं जमवणंही मजेचं आहे, कारण ती कमी आहेत.

माझी पसंती मात्र चौथ्या धाग्याला: एकच कादंबरी घ्यायची आणि तिच्या जमतील तितक्या पेपरबॅक आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवायच्या. सुरुवातीला डोरोथी बेकर यांची 'यंग मॅन विथ अ हॉर्न' घ्या. मूळ पुस्तक 1938चं. नायक रिक मार्टिन ट्रम्पेट वाजवतो. 1931 साली वारलेल्या बिक्स बायडरबेक या कॉर्नेटवादकाच्या संगीतावरून ती सुचली. त्याच्या आयुष्यावरून नव्हे, हे बेकर यांनी पुस्तकातच सांगून टाकलं आहे. 1950 साली मायकेल कर्टिझ यांनी तिच्यावर चित्रपट काढला. पडद्यावर कर्क डग्लस, आवाज हॅरी जेम्सच्या ट्रम्पेटचा. एकाच गोष्टीवर चित्रपटाआधी आणि नंतर कोणकोणती चित्रं आली हे पाहताना विकणाऱ्याचं डोकं कसं चालतं ते आपोआप दिसू लागतं.

शोधताना पर्यायी नावं लक्षात ठेवा. पेपरबॅकवाले नाव सर्रास बदलत. इव्हान हंटर यांची 1956ची 'सेकंड एंडिंग' ही ट्रम्पेटवादकाच्या हेरॉइनच्या व्यसनाची कादंबरी पेपरबॅकमध्ये 'क्वार्टेट इन एच' झाली. मूळ नावानं शोधत बसलात तर ती हातची जाईल.

दुसरी पायरी: चित्राचा काळ ओळखा

तारीख बघण्याआधी चित्राकडे बघून दशक सांगता यायला हवं. सरावानं ते जमतं.

चाळीसच्या दशकातली बरीच मुखपृष्ठं भित्तिपत्रकासारखी आहेत: सपाट रंग, एखादं प्रतीक, माणूस असला तर छायाकृतीत. या काळात दोन नावं शोधा. डेल या प्रकाशनासाठी एअरब्रशनं (रंग फवारणाऱ्या उपकरणानं) काम करणारे जेराल्ड ग्रेग, आणि पेंग्विनच्या अमेरिकी शाखेचे रॉबर्ट जोनास. जोनास हे विलेम द कूनिंग यांच्या मित्रवर्तुळातले, त्यामुळे त्यांच्या मांडणीवर आधुनिक चित्रकलेची छाप स्पष्ट आहे. पेंग्विनची ही शाखा 1948 साली वेगळी होऊन न्यू अमेरिकन लायब्ररी झाली आणि तिची कथा-कादंबऱ्यांची पुस्तकं सिग्नेट या नावानं येऊ लागली.

सिग्नेटमध्येच जेम्स अवाती आले आणि चित्र पालटलं. न्यू जर्सीतल्या रेड बँक गावात राहणारा हा माणूस खऱ्या माणसांना खऱ्या पडक्या खोल्यांत उभं करून रंगवायचा. उडालेला रंग, तपकिरी सावल्या, एकमेकांकडे न बघणारी माणसं. पन्नासच्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक प्रकाशकांना अवातीच हवे होते. ते मिळाले नाहीत तर त्यांच्यासारखं काढणारा कुणीतरी. त्यामुळे तपकिरी खोली दिसली की लगेच "अवाती" म्हणू नका, सही शोधा. दलाल की मुळगावकर हे जुन्या दिवाळी अंकावर सही न बघता सांगणारे वाचक आपल्याकडे होते. ती नजर इथेही येते, पण शंभरेक मुखपृष्ठं डोळ्यांखालून गेल्यावर.

याच काळात चित्रं भडकही झाली. इतकी की 1952 साली अमेरिकी प्रतिनिधिगृहानं नेमलेल्या गॅदिंग्ज समितीनं पेपरबॅकच्या मुखपृष्ठांची चौकशी केली. घसरलेला खांद्याचा पट्टा, विस्कटलेला पलंग आणि मागे कुठेतरी पियानो, असं मुखपृष्ठ दिसलं तर छपाई या सुमाराची असण्याची शक्यता धरून चाला.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी वारं पुन्हा फिरलं, आणि माझ्या मते जॅझ मुखपृष्ठांचा सर्वात रसाळ काळ हाच. तबकड्यांच्या वेष्टनांनी पुस्तकांवर मात केली होती. नॉर्मन ग्रांझ यांच्या क्लेफ आणि व्हर्व्ह तबकड्यांवर डेव्हिड स्टोन मार्टिन यांची शाईची रेघ होती, कधी केसासारखी बारीक, कधी अचानक जाड. 1956 पासून ब्लू नोट या कंपनीच्या तबकड्यांवर रीड माइल्स फोटो निर्दयपणे कापून त्याला मोठ्या अक्षरांची जोड देत होते. पुस्तकांच्या कलासंपादकांनी हे पाहिलं नसेल असं मानणं कठीण आहे. मिचेल हुक्स यांच्यासारख्यांचं मोकळं रेखाटन, एकाच रंगाचा फटकारा, बरीच रिकामी जागा ही लक्षणं दिसली की समजा आपण साठच्या उंबरठ्यावर आहोत. रॉबर्ट मॅकगिनिस 1958 साली डेलमध्ये आले. त्यांच्या उंच, लांब पायांच्या नायिका चटकन ओळखू येतात. वाद्य तिथे बहुधा सजावटीपुरतं.

तिसरी पायरी: वादकाचे हात तपासा

आता भिंग घ्या. चित्रकारानं वादक पाहिला होता का, हे चेहऱ्यावरून कळत नाही. हातांवरून कळतं.

ट्रम्पेटच्या तीन कळा उजव्या हाताच्या बोटांनी दाबतात. डावा हात वाद्य तोलून धरतो. चित्रात डावा हात कळांवर असेल तर दोन शक्यता: चित्रकाराचं अज्ञान, किंवा मांडणीसाठी छापखान्यात चित्र आरशातल्यासारखं उलटवलेलं. दुसरी शक्यता तपासायला सोपी आहे. पुरुषाच्या कोटाची गुंडी कुठल्या बाजूला लागते ते बघा (डावी बाजू वर यायला हवी), चित्रकाराची सही उलटी आहे का बघा. उलटवलेलं चित्र सापडणं हा संग्राहकाचा छोटासा आनंद असतो.

सॅक्सोफोनवर डावा हात वर, उजवा खाली, आणि गळ्यात पट्टा. पट्टा विसरणारे चित्रकार पुष्कळ. ट्रॉम्बोनची सरकती नळी उजव्या हातात. क्लॅरिनेटवरही डावा हात वरच. त्या काळचा जॅझ ड्रमवादक बहुधा डाव्या हातातली काठी तळवा वर करून, बोटांच्या बेचक्यात धरतो आणि उजव्या हातातली वरून; दोन्ही हात हातोडीसारखे असतील तर चित्रकारानं क्लबात फारसं लक्ष दिलेलं नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटांत येतात. मुखपृष्ठावर त्या सरसकट सारख्या अंतरावर काढलेल्या दिसल्या की माझा त्या चित्रकारावरचा विश्वास उडतो, चित्र बाकी कितीही देखणं असो.

खरा वादक कसा दिसतो हे पाहायला लांब जायला नको. 'अलबेला' (1951) पुन्हा लावा. सी. रामचंद्रांच्या त्या चित्रपटात गोव्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या साथीदारांसह पडद्यावर दिसतो. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवून घडलेला हा माणूस. त्याचे खांदे, कोपर, उचललेली मान नीट पाहून घ्या आणि मग मुखपृष्ठांकडे वळा. कोण अभिनय करतंय ते लगेच उमजेल.

हातांनंतर जागा बघा. वादक चित्रात पुढे आहे की मागे? गोष्टीतला वादक कृष्णवर्णीय असेल तर मुखपृष्ठानं त्याला कुठे उभं केलंय? हेरॉल्ड फ्लेंडर यांची 'पॅरिस ब्लूज' बॅलन्टाइननं 1957 साली काढली. कादंबरीचा नायक एडी कुक हा कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादक. 1961च्या चित्रपटात एडीची भूमिका सिडनी पॉइटियेकडे आली खरी, पण मध्यभागी आला पॉल न्यूमनचा गोरा ट्रॉम्बोनवादक. जॅक केरुअकच्या 'द सबटेरेनियन्स'मधली कृष्णवर्णीय नायिका 1960च्या चित्रपटात लेस्ली कॅरॉन झाली. म्हणून चित्रपटाआधीची आणि नंतरची प्रत हाताशी असेल तर दोन गोष्टी ताडून बघा: कुणाचा चेहरा पुढे आला आणि कुठलं वाद्य बदललं. नुसतं देखणेपण बघून पुस्तक घेणाऱ्याच्या हातून हा सगळा इतिहास निसटतो, आणि मला तरी या छंदाचं खरं मोल त्यातच वाटतं.

चौथी पायरी: छपाईची तारीख लावा

आता पुस्तक उघडा, पण जपून. साठ-सत्तर वर्षांचा डिंक कडक झालेला असतो. दोन्ही पुठ्ठे काटकोनापेक्षा जास्त फाकवू नका.

शीर्षकपानाच्या मागे छपाईचा तपशील असतो. बऱ्याच सिग्नेट प्रतींवर पहिल्या छपाईचा महिना आणि वर्ष स्पष्ट मिळतं. पॉकेट बुक्स छपायांची यादीच देतात. काही प्रकाशक मात्र पहिल्या वेळी काहीच लिहीत नसत. अशा वेळी शेवटच्या पानांवरची जाहिरात वाचा. तिथे छापलेलं सर्वात नवं पुस्तक ज्या वर्षी आलं, त्याआधीची ही प्रत असू शकत नाही.

मग किंमत आणि क्रमांक. 25 सेंटांवरून 35, मग 50 असा प्रवास पन्नासच्या दशकात झाला, आणि क्रमांकाआधीचं अक्षर किंमत सांगतं. पण प्रत्येक प्रकाशकाची लिपी निराळी. सिग्नेटचं S हे अक्षर म्हणजे 35 सेंट, D म्हणजे 50. एस बुक्स (Ace) या प्रकाशकाकडे मात्र S म्हणजे 25 आणि D म्हणजे 35. मुखपृष्ठ तेच आणि किंमत चढलेली असेल तर ती नंतरची छपाई.

'प्रिंटेड इन कॅनडा' असं दिसलं तर दचकू नका. अनेक अमेरिकी प्रकाशक कॅनडात वेगळी छपाई करत. ब्रिटिश पॅन आणि कॉर्गी यांच्या आवृत्त्या म्हणजे स्वतंत्रच घर आहे, बहुधा त्यांचं चित्रही वेगळं असतं. पॅनसाठी सॅम पेफर 'पेफ' अशी सही करत.

पाचवी पायरी: प्रतीची अवस्था

मुखपृष्ठासाठी पुस्तक घेतोय, म्हणजे आतल्या पिवळ्या पानांना माफी आहे, पुठ्ठ्याला नाही. पुस्तक टेबलावर आडवं ठेवा आणि खालच्या कडेकडून डोळा त्या पातळीवर आणून बघा. आयत दिसला तर उत्तम. तिरका चौकोन दिसला तर कणा कलला आहे, म्हणजे पुस्तक दुमडून वाचलेलं आहे. कण्याशेजारी पुठ्ठ्यावर उभी घडी असतेच. ती रंगाच्या थरातून पांढरी फुटली आहे की नुसती दबली आहे, यावर बरंच अवलंबून असतं.

चाळीसच्या दशकातल्या पॉकेट बुक्सवर पारदर्शक चकचकीत पापुद्रा असे. तो कडांपासून सुटतो. सुटलेला तुकडा ओढू नका आणि चिकटवूही नका, ओढलात तर खालचा रंग घेऊन येईल.

रंग उडण्याचं गणितही माहीत असावं. उन्हात तांबडा आणि पिवळा आधी जातो, निळा-काळा मागे राहतो. "निळसर रात्रीचं सुंदर मुखपृष्ठ" असं वर्णन वाचलं की विक्रेत्याकडून कण्याचा फोटो मागवा. कणा आणि पुढचा पुठ्ठा यांचे रंग जुळत नसतील तर ती रात्र उन्हानं केलेली आहे.

मुखपृष्ठ फाडून काढलेलं पुस्तक घेऊच नका. न खपलेल्या प्रतींची मुखपृष्ठं फाडून परत पाठवायची आणि पैसे वळते करून घ्यायचे, अशी त्या धंद्याची रीत होती.

नवी नक्कल ओळखायला दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. मूळ छपाईत रंगांच्या ठिपक्यांची शिस्तशीर जाळी दिसते. घरगुती प्रिंटरवर ठिपके विस्कळीत पसरलेले असतात. अतिनील टॉर्चही मदत करतो. नव्या पांढऱ्या कागदात उजळपणासाठी घातलेली रसायनं निळी चमकतात, तर जुना लाकडी लगद्याचा कागद मंद राहतो.

सहावी पायरी: मिळवायचं कुठून

मुंबईत फाउंटन ते चर्चगेटचे पदपथ आणि माटुंग्याचं किंग्ज सर्कल, पुण्यात अप्पा बळवंत चौकाचा परिसर, कोलकात्याची कॉलेज स्ट्रीट. पण अपेक्षा बेताची ठेवा. राष्ट्रकुल देशांची बाजारपेठ बराच काळ ब्रिटिश प्रकाशकांकडे असल्यामुळे आपल्या पदपथांवर पॅन-कॉर्गी जास्त आणि सिग्नेट, एस बुक्स कमी. रद्दीवाल्याकडे मात्र काहीही निघू शकतं. त्याला लेखकाचं नाव सांगू नका, "बाजा असलेलं इंग्रजी जुनं" एवढं पुरे.

परदेशातून मागवायचं असेल तर पाच-सहा पुस्तकं एकत्र मागवा, कारण टपालखर्च पुस्तकाच्या किमतीवर सहज चढतो. 2019च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर 5 टक्के सीमाशुल्क आलं, तेव्हा खरेदीआधी चालू दर बघून घ्या. विक्रेत्याला दोन ताठ पुठ्ठ्यांमध्ये पुस्तक ठेवायला सांगा. नुसत्या फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये कोपरे मोडतात.

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणारे नातेवाईक असतील तर त्यांना ग्रंथालयांच्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीला पाठवा. भाचेकंपनी एकदा या नादाला लागली की थांबत नाही.

सातवी पायरी: पावसाळ्यात जपणं

या विषयावरचे इंग्रजी सल्ले कोरड्या हवेतल्या माणसांनी दिलेले असतात. ते कोकणात जसेच्या तसे चालत नाहीत.

हा कागद मुळातच आम्लयुक्त आहे. तो पिवळा होणं थांबवता येत नाही, सावकाश करता येतं. प्रत्येक पुस्तक पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पिशवीत घाला, मागे आम्लमुक्त पुठ्ठा ठेवा. पीव्हीसीची पिशवी नको, तिच्यातून बाहेर पडणारी रसायनं शाईला चिकटतात. आणि पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद करू नका. जुलैत बंद केलेली पिशवी आतली दमट हवा धरून ठेवते आणि ऑगस्टमध्ये बुरशी दिसते.

आर्द्रतामापक स्वस्तात मिळतो, एक कपाटात ठेवाच. काटा 40 ते 55 टक्क्यांत असेल तर झोप घ्या. 65च्या वर सलग राहिला तर काहीतरी करायला हवं: सिलिका जेलच्या पिशव्या (रंग बदलला की मंद ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा वापरता येतात), किंवा खोलीत आर्द्रता शोषणारं यंत्र. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर सोडा. पुस्तकं उभी ठेवा, पण कोंबू नका. ओढून काढताना कण्याचं वरचं टोक फाटतं.

डांबराच्या गोळ्या पुस्तकांत टाकायची सवय सोडा. वास वर्षानुवर्षं जात नाही, वाफ आरोग्याला वाईट. वाळलेला कडुनिंब ठेवायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नका. कसर डिंकावर आणि खळीवर जगते, तेव्हा झाडलोट हाच तिच्यावर खरा उपाय. किड्याची शंका आली तर पुस्तक हवा काढलेल्या घट्ट पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या किंवा त्याहून थंड डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका. नाहीतर थंड पुठ्ठ्यावर पाणी सुटतं. (पिशवी घट्ट बंद करायची ती एवढ्याचसाठी.)

साफसफाई कोरड्या मऊ ब्रशनं, कण्याकडून बाहेर. फाटलेल्या ठिकाणी सेलोटेप कधीही नको. जुन्या दुकानाचा शिक्का किंवा किमतीची चिठ्ठी मी काढत नाही. ती पुस्तक कुठून कुठे आलं याची नोंद आहे, आणि काढताना होणारं नुकसान चिठ्ठीपेक्षा वाईट दिसतं.

आठवी पायरी: नोंदवही

स्कॅन करताना फ्लॅटबेडवर 600 डीपीआय ठेवा, झाकण दाबू नका, वरून काळा कागद टाका. नोंदीत प्रकाशक, क्रमांक, छपाईचा महिना-वर्ष, किंमत, अवस्था. चित्रकाराचं नाव लिहिताना तीनपैकी एक शेरा द्या: सही दिसली, पुस्तकात श्रेय आहे, किंवा शैलीवरून अंदाज. या तिसऱ्या प्रकारचे अंदाज संग्राहकांत फार वेगानं पसरतात आणि दहा ठिकाणी छापून आल्यावर खरे वाटू लागतात.

वाद्य, हात बरोबर की चूक, चित्र उलटवलेलं आहे का, यांनाही रकाने द्या. शेवटचा रकाना ठेवा 'हा प्रसंग कादंबरीत आहे का?' असा. तो भरायला पुस्तक वाचावं लागतं. पण जमवलेली प्रत त्यासाठी वापरू नका, वाचायला एखादी खिळखिळी, कोपरे गेलेली दुसरी प्रत घ्या. ती पदपथावर चहाच्या पैशात मिळते.